सुखसेव्य औषध : कल्पना, काल आणि अनुपान यांचा विचार

निदान अचूक असावे, द्रव्य उत्तम असावे, मात्रा योग्य असावी आणि तरीही गुण येऊ नये, असा अनुभव प्रत्येक वैद्यास केव्हा ना केव्हा येतो. अशा वेळी आपण निदानाचा फेरविचार करतो, द्रव्याच्या प्रतीविषयी शंका घेतो आणि अखेर औषध बदलतो. परंतु लिहून दिलेले औषध रुग्णाच्या पोटात गेले काय, हा पहिला प्रश्न पुष्कळदा विचारायचाच राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली दीर्घकालीन औषधोपचारांविषयी जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात विकसित देशांतही दीर्घ आजारांचे सुमारे निम्मे रुग्णच औषध सांगितल्याप्रमाणे घेतात, असे म्हटले आहे. तेथील औषध बहुतांशी गिळण्याची लहान गोळी असते. आपले औषध म्हणजे कडू काढा, घशाला चिकटणारे चूर्ण आणि जिभेवर रेंगाळणारे घृत. तेव्हा आपल्या रुग्णांची स्थिती याहून बरी असेल असे मानण्यास आधार नाही.

तळेरे हे मुंबई-गोवा महामार्गावरील नाक्याचे गाव. एका बाजूने विजयदुर्गाकडून येणारा रस्ता येथे मिळतो आणि दुसऱ्या बाजूने वैभववाडीवरून घाट चढून गगनबावड्याकडे व कोल्हापूरकडे जाणारा रस्ता फुटतो. त्यामुळे येथील रुग्णांत किनाऱ्यावरील मच्छीमार, घाटाच्या पायथ्याचे शेतकरी, महामार्गावरील वाहनचालक आणि गणपतीस व शिमग्यास गावी येणारे चाकरमानी असे सर्व प्रकारचे लोक आढळतात. ‘औषध घेता ना?’ असे विचारले असता बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते, ‘घेतंय डॉक्टरांनू!’ हे उत्तर आदरापोटी दिलेले असते. खरी माहिती हवी असल्यास ‘बाटलीत किती उरले आहे?’ असे विचारावे लागते, आणि मग पंधरा दिवसांच्या भरडीच्या पुडीतील निम्मी भरड तशीच असल्याचे कळते.

शास्त्राची भूमिका

औषध रुचकर करणे म्हणजे रुग्णाचे लाड किंवा औषध कंपन्यांची विक्रीची युक्ती, असा समज आपल्यातील काही ज्येष्ठांचा आहे. हा समज शास्त्रास धरून नाही. चरकाचार्यांनी चिकित्सेच्या चार पादांपैकी द्रव्याचे जे चार गुण सांगितले, त्यांत विपुलता, योग्यता व संपन्नता यांच्या जोडीला ‘अनेकविधकल्पना’ हा गुण गणला आहे. ज्या द्रव्यापासून रुग्णाला मानवेल अशा नाना प्रकारची कल्पना करता येते, ते द्रव्य श्रेष्ठ, असा याचा अर्थ. ही सोय औषधावर मागाहून चढविलेली नसून औषधाच्या श्रेष्ठत्वाचाच एक भाग आहे.

कल्पस्थानाकडे पाहिले असता हे अधिक स्पष्ट होते. तेथे वमनाचे ३५५ आणि विरेचनाचे २४५ असे एकूण ६०० योग सांगितले आहेत. एकट्या मदनफळाचे १३३ योग आहेत. द्रव्य एकच आणि कार्यही एकच असताना एवढे योग कशासाठी? रुग्ण भिन्न आहेत, त्यांचे कोष्ठ, बल, देश, सात्म्य आणि आवडनिवड भिन्न आहे, म्हणून. कोणाला काढा, कोणाला मोदक, कोणाला लेह, तर सुकुमार व्यक्तीस मदनफळाचे चूर्ण भुरभुरलेल्या कमळाचा केवळ वास देण्यापर्यंत आचार्य गेले आहेत. त्याच संहितेच्या चिकित्सास्थानाच्या अखेरीस असा उपदेश येतो की, सतत घेतल्यामुळे किंवा चव नसल्यामुळे जे पथ्य नकोसे झाले असेल, ते वेगवेगळ्या कल्पनांनी पुन्हा प्रिय करावे. मनाला अनुकूल असलेल्या गोष्टीमुळे तुष्टी, उत्साह, रुची व बल वाढते आणि व्याधीचे बल घटते. पथ्याला लागू असलेला हा न्याय औषधाला लागू नाही असे कोण म्हणेल?

मात्र रुचीचा विचार करताना एक मर्यादा प्रारंभीच सांगणे आवश्यक आहे. काही औषधांत रस हाच कार्यकारी असतो. हिंग्वाष्टक चूर्ण तुपाबरोबर भाताच्या पहिल्या घासात घ्यावयाचे, ते जिभेला तिखट-खारट लागून लाळ सुटावी, अग्नी प्रदीप्त व्हावा यासाठीच. अरोचकात तिक्त-कटु द्रव्यांचा जिभेशी झालेला स्पर्श हीच चिकित्सा आहे. असे चूर्ण कॅप्सूलमध्ये कोंडून दिल्यास सोय होते, पण हेतू हरवतो. म्हणून ‘या योगात चव लपवावी की चाखवावी?’ हा प्रश्न वैद्याने प्रथम स्वतःस विचारावा.

कडूपणा आणि जीभ

आधुनिक संशोधनातून आपल्या उपयोगाच्या काही गोष्टी कळल्या आहेत. कडू चव ओळखणाऱ्या ग्राहकांचे कुल २००० साली उजेडात आले. मनुष्यात असे सुमारे २५ प्रकारचे ग्राहक आहेत. गोड चवीला मात्र प्रामुख्याने एकच ग्राहक-जोडी पुरते. विषारी वनस्पतींपासून रक्षण व्हावे म्हणून निसर्गाने कडूपणाचा पहारा इतका कडक ठेवला असावा. लहान मूल कडू औषध थुंकते ते हट्टाने नव्हे, हे यावरून पालकांस समजावून सांगता येते. जिभेच्या केवळ मागच्या भागासच कडू लागते, ही पाठ्यपुस्तकांतून पसरलेली समजूत चुकीची ठरली आहे. तेव्हा ‘जिभेच्या टोकावर घ्या, कडू लागणार नाही’ हा सल्ला निरुपयोगी आहे.

ज्याला आपण चव म्हणतो त्याचा मोठा भाग गंधाचा असतो. वाफाळणारा काढा म्हणूनच अधिक उग्र वाटतो. तो कोमट होऊ दिला, रुंद पेल्याऐवजी अरुंद तोंडाच्या भांड्यातून घेतला आणि मोठ्या घोटांत संपविला, तर सुसह्य होतो. मिठाचा कणही कडूपणा दाबतो, असे १९९७ मध्ये अमेरिकेतील मोनेल संस्थेच्या संशोधकांनी दाखविले.  आपल्याकडे काढ्यात सैंधवाची चिमूट घालण्याची पद्धत आहेच. रक्तदाब, शोथ व वृक्कविकार असलेल्यांस ती चिमूट टाळावी, एवढेच.

कोकणी माणसाला कडूचे वावडे नाही, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ओले किराईत रात्री भिजवून सकाळी पिणारी घरे अजूनही आहेत. दिवाळीच्या पहाटे कारीट फोडून त्याचा कडूपणा जिभेला लावावयाचा आणि मग गोडाचे पोहे खावयाचे, ही रीत तर सर्वांच्या परिचयाची. आधी कडू, लगेच गोड आणि कडूमागे एक अर्थ, या तिन्ही गोष्टी तीत आहेत. रुग्णाला औषधाचा अर्थ कळला आणि पुढचा घास आश्वासक असला, तर कडू घोट तो आनंदाने नसला तरी निश्चयाने घेतो.

प्रथम काल बदलावा

औषध न घेण्याचे कारण नेहमी चवच असते असे नाही. पहाटे समुद्रावर जाणाऱ्यास ‘सकाळी उपाशीपोटी ताजा काढा’ सांगणे म्हणजे औषध न देण्यासारखेच आहे. लावणीच्या दिवसांत चिखलात उतरलेल्या शेतकरी स्त्रीची, किंवा रात्री घाट उतरणाऱ्या चालकाची गोष्ट निराळी नाही. म्हणून कल्पना बदलण्यापूर्वी काल तपासावा. अष्टांगहृदयात औषधसेवनाचे दहा काल सांगितले आहेत. व्यवहारात मात्र आपण ‘जेवणापूर्वी’ आणि ‘जेवणानंतर’ या दोनांतच घोटाळत राहतो.

अन्नात मिसळून देण्याच्या ‘सभक्त’ कालाचा उपयोग विशेष वाढविता येईल. सुश्रुताचार्यांनी तो दुर्बल, स्त्रिया, बालक, वृद्ध आणि औषधाचा द्वेष करणारे यांच्यासाठी सांगितला आहे. औषधद्वेष्टा हा स्वतंत्र रुग्णवर्ग मानून त्याची सोय करणारी ही दृष्टी किती व्यवहारी आहे! तसेच ग्रासात किंवा दोन ग्रासांच्या मध्ये चूर्ण व वटी देता येतात.

ऋतूचा मेळही घालावा. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. किनाऱ्यावरील रुग्णास काढ्याचा किंवा स्नेहपानाचा दीर्घ क्रम द्यावयाचा असेल, तर प्रकृती व व्याधी पाहून तो या दोन महिन्यांत बसविता येतो. शेतकऱ्याचे गणित उलट आहे. त्याच महिन्यांत तो शेतात असतो, म्हणून त्याला तेव्हा वटी-अवलेह द्यावेत आणि भात कापून झाल्यावर काढ्याकडे वळावे. मुंबईस परतणाऱ्या चाकरमान्यास भरडीची पुडी देण्यात अर्थ नाही. लोकलच्या वेळापत्रकात काढा उकळण्यास जागा नसते.

काढा : घोट लहान करण्याचे मार्ग

शार्ङ्गधरांच्या रीतीने एक पल भरड सोळापट पाण्यात उकळून अष्टमांश उरवावयाची. पल ४८ ग्रॅम धरल्यास ७६८ मिलिलिटर पाणी आणि शेष ९६ मिलिलिटर काढा, असा हिशोब होतो. एवढा तिक्त काढा एका बैठकीत पिणारा रुग्ण आज विरळा. व्यवहारात आपण मात्रा कमी करतोच. परंतु भरड कमी आणि पाणी तेवढेच असे झाले, की रुग्णास पेलाभर पातळ कडू पाणी प्यावे लागते. भरड, पाणी आणि शेष ही तिन्ही प्रमाणे पुडीवर लिहून द्यावीत. ‘दोन कप पाण्याचा अर्धा कप’ हे तोंडी सांगणे घरी पोहोचेपर्यंत बदलते.

उष्णतेची गरज नसलेल्या सुगंधी व मृदू द्रव्यांचा फांट किंवा हिम करता येतो. ही रूपे चवीस सौम्य लागतात आणि इंधनही वाचते. ज्वरात तर शार्ङ्गधरांनी सांगितलेली पानीय कल्पना आहेच. त्यात एक पल द्रव्य चौसष्ट पल पाण्यात उकळून निम्मे उरवितात. षडंगपानीय दिवसभर तहानेनुसार थोडे थोडे दिले, तर रुग्णास ते औषध वाटत नाही, पाणीच वाटते.

काढ्याचा घन करून वटी देणे ही आजची सर्वांत लोकप्रिय सोय. तिच्याविषयी एकच सावधगिरी. घनाची मात्रा मूळ भरडीच्या किती भागाशी समान आहे, हे जाणल्याशिवाय काढ्याऐवजी ‘दोन गोळ्या’ असे लिहू नये. द्रव्यागणिक घनाचे उत्पन्न बदलते. सोयीच्या नावाखाली मात्रा दशमांशावर आली, तर आपण रुग्णाला सुखी केले, बरे केले नाही, असे होईल.

अनुपान आणि कोकणचे स्वयंपाकघर

पाण्यावर टाकलेला तेलाचा थेंब जसा पसरतो, तसे अनुपानाच्या बळाने औषध शरीरात पसरते, हा शार्ङ्गधरांचा दृष्टांत सर्वांस ठाऊक आहे. त्यांनी काढ्यातील प्रक्षेपाचे प्रमाणही दिले आहे. वातविकारात साखर चतुर्थांश, पित्तात अष्टमांश, कफात षोडशांश. मधाचे प्रमाण नेमके उलट. म्हणजे ४० मिलिलिटर काढ्यात साखर अनुक्रमे १०, ५ व २.५ ग्रॅम, तर मध वातात २.५, पित्तात ५ आणि कफात १० ग्रॅम. गोडी किती घालावी हे जिभेने नव्हे, दोषाने ठरवावे, हा यातील बोध. मध काढा कोमट झाल्यावरच घालावा, हे रुग्णास प्रत्येक वेळी सांगितले पाहिजे.

गोडाखेरीज आंबट रसाकडे आपले दुर्लक्ष झाले आहे. चरकाच्या ‘हृद्य’ गणात, म्हणजे मनाला व हृदयाला प्रिय अशा दहा द्रव्यांत, आम्र, आम्रातक, लकुच, करमर्द, वृक्षाम्ल, अम्लवेतस, कुवल, बदर, दाडिम आणि मातुलुंग ही फळे आहेत. यांतील आंबा, आंबाडा, करवंद आणि वृक्षाम्ल म्हणजे आपले कोकम तळेऱ्याच्या आसपासच्या परड्यांत व रानांत मिळतात. कडू काढ्यानंतर तोंडात आमसुलाचा तुकडा धरला, की मळमळ पुष्कळशी थांबते, असे आमच्या पाहण्यात आहे. गर्भिणीस किंवा प्रवासात औषध घेणाऱ्यास हा उपाय विशेष मानवतो. अम्लरस ज्या व्याधीत वर्ज्य तेथे तो टाळावा. दूध अनुपान असेल तेथे आमसूल देऊ नये, कारण दूध आणि अम्ल यांचा विरोध सर्वश्रुत आहे.

पेज हे तर कोकणचे नित्याचे अन्न. चरकसंहितेच्या सूत्रस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात २८ यवागू सांगितल्या आहेत. औषधी द्रव्यांच्या पाण्यात तांदूळ शिजवून तयार होणारी यवागू म्हणजे मालवणी घरातील पेजच, फक्त पाणी औषधी. सुंठ-पिंपळीच्या पाण्याची पेज क्षीण रुग्णास दिली, तर आहार व औषध यांचे दोन प्रयास एकात मिटतात. कसदार उकड्या तांदळाची पेज ज्या घरात रोज शिजते, त्या घरातील आजीला ‘यवागू करा’ असे सांगितले तर ती गोंधळेल. ‘आजी, पेजेच्या पाण्यात हे उकळून घ्या’ असे म्हटले, की पुढचे तीच नीट करते.

अनुपानाने औषध अडतेही, हे विसरू नये. लोह व मंडूर कल्प चहाबरोबर घेतल्यास लोहाचे शोषण कमी होते. सकाळची गोळी आणि सकाळचा चहा एकत्र घेण्याची सवय सर्वत्र आहे. पांडुरोगात गुण न येण्याचे हे एक साधे कारण असू शकते. दोहोंत निदान तास-दोन तासांचे अंतर ठेवावे.

घृत आणि चूर्ण

तिक्त द्रव्ये तुपात सिद्ध केली, की त्यांचा कडूपणा बराच झाकला जातो. तिक्तक व महातिक्तक घृतांच्या रचनेत हा लाभही आहे. परंतु नुसते तूप पिणे अनेकांस जमत नाही. स्नेहाचा द्वेष असणाऱ्यांसाठी चरकांनी स्नेहाच्या २४ प्रविचारणा सांगितल्या आहेत. भात, विलेपी, मांसरस, यूष, दूध अशा अन्नपदार्थांतून स्नेह देण्याचे हे मार्ग आहेत. मऊ भात, कुळथाचे कढण किंवा मुगाचे वरण यांत शमनमात्रेतील घृत सहज जाते. शोधनासाठी अच्छस्नेहच हवा असेल तेथे मात्र ही सवलत देऊ नये. गरम पाण्याचे घोट व त्यानंतर सुंठीचा तुकडा एवढ्यावर निभावावे.

चूर्णाचा त्रास चवीपेक्षा कोरडेपणाचा असतो. कोरडे चूर्ण तोंडात टाकून वर पाणी पिणारा रुग्ण ठसकतो. श्वासाच्या रुग्णास तर ते अपायकारकच. चूर्ण आधी तूप, मध किंवा कोमट पाणी यांत कालवून चाटण करावे. कॅप्सूलची मागणी होते तेव्हा हिशोब मांडून दाखवावा. ‘शून्य’ मापाच्या कॅप्सूलमध्ये सुमारे अर्धा ग्रॅम चूर्ण मावते. तीन ग्रॅमची मात्रा म्हणजे एका वेळी सहा, दिवसाकाठी बारा कॅप्सूल. त्या बारा गिळण्यापेक्षा एक चाटण सोपे, हे रुग्णास लगेच पटते. शाकाहारी रुग्णास कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे आहे की वनस्पतिजन्य, हे न विचारता सांगावे.

बालरुग्ण

बालकांस औषध देणे हे वैद्याच्या कौशल्याची परीक्षाच होय. शार्ङ्गधरांनी पहिल्या महिन्यात एक गुंज, म्हणजे सुमारे १२५ मिलिग्रॅम, आणि पुढे महिन्यागणिक एकेक गुंज वाढ, अशी मात्रा सांगून ती दूध, मध, साखर व तूप यांत चाटण करून द्यावी असे म्हटले आहे. क्षीराद बालकासाठी औषधाचा कल्क मातेच्या स्तनांस लावून पाजण्याची सुश्रुतांची रीत तर अत्यंत कोमल आहे.

यातील मधाविषयी आज आपण स्पष्ट भूमिका घेतली पाहिजे. मधात क्वचित क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवाणूचे बीजाणू असतात. एक वर्षाखालील बालकाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करू शकतात. त्यामुळे बद्धकोष्ठ, क्षीण रडणे, मान टाकणे आणि श्वसनाचे स्नायू दुर्बल होणे असा गंभीर विकार होतो. हा विकार १९७६ मध्ये प्रथम ओळखला गेला. प्रमाण अल्प असले तरी परिणाम जीवघेणा आहे आणि मध गरम करून हे बीजाणू मरत नाहीत. शार्ङ्गधरांनी चार अनुपाने दिली आहेत. वर्षाच्या आत त्यांतील मध वगळून मातेचे दूध व तूप निवडावे. यात शास्त्राचा भंग नाही, शास्त्रानेच दिलेल्या पर्यायांतून केलेली निवड आहे. बाळगुटी उगाळणाऱ्या आजीपर्यंत ही गोष्ट पोहोचविणे आपले काम आहे, कारण तेथे मधाचे बोट सर्वांत आधी पुढे येते.

मोठ्या मुलांबाबत दोन सूचना. नाक दाबून, आडवे पाडून औषध ओतू नये. त्याने औषध श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो आणि मुलाच्या मनात औषधाचे भय कायमचे बसते. मुलास बसते करून गालाच्या आतल्या बाजूस थोडे थोडे द्यावे. दुसरे, औषधाला ‘खाऊ’ म्हणू नये. गोड अवलेहाची बरणी खाऊ समजून रिकामी करणारी मुले प्रत्येक गावात असतात. औषध गोड असले तरी ते औषध आहे आणि ते उंच फळीवर राहते, हे घरात ठरलेले असावे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००७ पासून मुलांच्या मापाची औषधे असावीत असा आग्रह धरला आहे. आपल्याकडे लेह आणि लहान वटी या रूपांत ती परंपरेने आहेतच. ती नेमक्या मात्रेत देणे एवढेच उरते.

गोडीची किंमत

औषध सुखसेव्य करण्याचा सर्वांत सोपा मार्ग साखरेचा, आणि आजच्या काळात सर्वांत धोक्याचाही तोच. सितोपलादि चूर्णात खडीसाखर १६, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २ आणि दालचिनी १ असे एकूण ३१ भाग असतात, म्हणजे निम्म्याहून अधिक साखर. तरीही ३ ग्रॅमच्या मात्रेत ती दीड ग्रॅमच होते. थोड्या दिवसांच्या कासात नियंत्रित मधुमेह्यासही ती फारशी बाधत नाही. अवलेहाची गोष्ट वेगळी. चूर्णाच्या चौपट साखर किंवा दुप्पट गूळ, हे तेथील शास्त्रीय प्रमाण. केवळ चूर्ण व साखर यांचाच विचार केला तरी पाच भागांत चार भाग साखर झाली. १२ ग्रॅम अवलेह दोन वेळा घेतल्यास, पाण्याचा अंश वजा जाता, १५ ग्रॅमच्या आसपास साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनेत प्रौढाने दिवसाकाठी घ्यावयाची मुक्त साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवावी असे सुचविले आहे. तेव्हा निम्म्याहून अधिक वाटा एका औषधानेच संपतो.

‘गूळ चालतो, मध चालतो, साखर तेवढी नको’ हा समज मधुमेही रुग्णांत घट्ट आहे. घाटावरून येणारा कोल्हापुरी गूळ कितीही उत्तम असला, तरी रक्तातील शर्करा तो वाढवितोच. म्हणून प्रमेही रुग्णास अवलेहाऐवजी तेच द्रव्य चूर्ण, घनवटी किंवा घृत या रूपात द्यावे. आसव-अरिष्टांत गोडीबरोबर स्वयंजनित मद्यार्कही असतो. व्यसनमुक्तीच्या वाटेवर असलेला रुग्ण, गर्भिणी, यकृत्-विकारी आणि बालक यांच्याबाबत तो मनात धरूनच लिहावे.

वृद्ध आणि गोळी

वृद्धांचे तोंड कोरडे असते आणि गिळण्याची शक्ती मंद असते. गुग्गुळाच्या कठीण वट्या त्यांना कुटून कोमट पाण्यात द्याव्यात. सुट्या गोळीसाठी जर्मनीतील हायडेलबर्ग येथे १५१ व्यक्तींवर तपासून २०१४ साली प्रसिद्ध झालेली एक साधी युक्ती सांगण्याजोगी आहे. कॅप्सूल तोंडात घेऊन पाण्याचा घोट भरावा आणि मान मागे न टाकता हनुवटी छातीकडे झुकवून गिळावे. कॅप्सूल हलकी असल्याने पाण्यावर तरंगून घशाकडे जाते. मान मागे टाकण्याची आपली सवय नेमकी उलट काम करते. मात्र साधे पाणी पितानाही ज्यास वारंवार ठसका लागतो, विशेषतः पक्षाघातानंतर, त्याची गिळण्याची तपासणी करून घेतल्याशिवाय गोळी व काढा दोन्ही थांबवावे. ॲलोपॅथीच्या गोळ्या सोबत असतील, तर आवरणयुक्त व दीर्घकार्यकारी गोळ्या कुटू नयेत, हेही कुटुंबीयांस सांगावे. आपल्या गोळ्या कुटताना ते त्याही कुटतात.

औषधालयांसाठी

१८७२ साली पनवेल येथे कृष्णशास्त्री पुराणिक यांनी धूतपापेश्वरची स्थापना केली, तेव्हापासून कोकणच्या घरांतून खल-बत्ता हळूहळू औषधालयांत गेला. काढा उकळण्याचा भार कमी झाला, तसे रुग्णाला समजावण्याचे कामही निम्मे औषधालयाकडे आले. त्या दृष्टीने काही विनंत्या आहेत.

कोकणातील पावसाळ्यात लवणयुक्त चूर्णे दोन दिवसांत ओली होतात. चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांत घटते असे शार्ङ्गधर सांगतात. येथील दमट हवेत पंधरा दिवसांपुरतीच पुडी द्यावी आणि काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवण्यास सांगावे. गाठ झालेले, वास बदललेले चूर्ण रुग्ण टाकून देतो आणि आयुर्वेदाला दोष देतो. ‘चमचा’ हे माप घरोघरी वेगळे असल्याने द्रव औषधाबरोबर खुणांचा पेला द्यावा. अवलेह, पाक व आसवे यांत साखर, गूळ, मद्यार्क आहे की नाही, हे विचारण्याआधी सांगावे. चव व रंग सुधारण्यासाठी जी साहाय्यक द्रव्ये वापरावयाची, ती औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीतील नियम १६९ नुसार मान्य असलेलीच असावीत. जो वैद्य केवळ स्वतःच्या रुग्णांसाठी औषध करतो, त्यास परिशिष्ट ‘टी’ च्या अटींतून सूट आहे. पण स्वच्छता, माप आणि नोंद यांतून सूट कोणालाच नाही. आणि शेवटी, वैद्याने काढा लिहिला असता ‘त्याऐवजी ही गोळी घ्या, तेच आहे’ असे परस्पर सांगू नये. दूरध्वनीवर एकदा विचारावे. वैद्यांनीही असा दूरध्वनी आला तर तो त्रास न मानता आभार मानावेत.

समारोप

भल्लातकाचे सेवन करण्यापूर्वी तोंडाला आतून तूप लावावे, असे चरक सांगतात. द्रव्य तीक्ष्ण आहे, ते टाळता येत नाही आणि त्याचे कार्यही बोथट करावयाचे नाही, म्हणून रुग्णाच्या तोंडाचे रक्षण करून ते द्यावयाचे. सुखसेव्यतेचे सर्व तत्त्व या एका सूचनेत आहे. औषधाचा गुण न गमावता रुग्णाचा त्रास कमी करावयाचा. रुग्णाचा त्रास कमी करण्याच्या नादात नवा अपाय करावयाचा नाही.

यासाठी नवे यंत्र किंवा मोठा खर्च लागत नाही. आधी काल पाहावा, मग घोटाचे प्रमाण, मग अनुपान, मग कल्पना आणि सर्वांत शेवटी साखर व आवरण. आपल्या रुग्णपत्रिकेत ‘मागील औषधापैकी किती उरले, का उरले’ अशी एक ओळ वाढवावी आणि प्रत्येक फेरीस ती भरावी. वैद्यबंधुभगिनींनी व औषधालयमालकांनी आपापल्या परिसरातील यशस्वी अनुपाने, पेजेचे व चाटणाचे प्रकार आणि मुलांना औषध देण्याच्या रीती लिहून ठेवल्या, तर त्यातून प्रदेशनिहाय अनुपानकोश तयार होईल. तो कोकणात कोकमाने भरेल, देशावर ताकाने आणि विदर्भात कदाचित आणखी कशाने. द्रव्य एकच राहील, पण प्रत्येक घरात ते पोटात जाईल.